दाढीवाल्या सरड्याची पिल्लं घरी काढायची तर आधी रातकिड्यांचा हिशोब

पेटीत वीस पिल्लं आहेत असं धरा. एकेक पिल्लू दिवसाला तीसेक बारीक रातकिडे सहज फस्त करतं. म्हणजे रोज सहाशे. पिल्लं दुसऱ्या घरी जाण्याजोगी व्हायला किमान आठ आठवडे लागतात, म्हणजे तेहतीस हजारांच्या वर. नर-मादी एकत्र सोडण्याआधी हा गुणाकार कागदावर मांडा, आपल्या गावातल्या रातकिड्यांच्या भावाने त्याला गुणा, आणि मगच पुढे वाचा. बिअर्डेड ड्रॅगनची, म्हणजे या दाढीवाल्या सरड्याची, वीण होणं अवघड नाही. त्या दोघांना एकमेकांजवळ ठेवलंत की निसर्ग आपलं काम करतो. अवघड असतं ते त्यानंतरचं सगळं.

मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते. आमच्याकडे भानू नावाचा नर आणि चिंगी नावाची मादी आहे. हा प्राणी मूळचा इथलाच, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. आपल्या बागेतल्या कुंपणावर मान हलवणारा सरडा आणि हा एकाच कुळातले, अगॅमिडी कुळातले. उन्हाळ्यात साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर निळा-काळा-केशरी गळा फुगवून बसणारा सरडाही त्याच कुळातला. २०१६ साली त्या सरड्यांच्या प्रजातीला (जीनसला) शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ हेच आपलं मराठी नाव दिलं, याचा मला फार आनंद आहे. लहानपणी कुंपणावरचा सरडा ज्याने निरखून पाहिलाय, त्याला भानूची अर्धी भाषा शिकवावी लागत नाही.

कायद्याचं आधी सांगते. व्हिक्टोरियात हा सरडा पाळायला वन्यजीव परवाना लागतो, प्राण्यांची नोंदवही ठेवावी लागते, आणि पिल्लू परवाना असलेल्या माणसालाच देता येतं. रानातून पकडणं गुन्हा आहे. इतर राज्यांचे नियम थोडेफार वेगळे आहेत. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत सरपटणारे प्राणी विक्रीसाठी देशाबाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे इथून पिल्लू भारतात नातेवाइकांकडे नेण्याचा विचारही करू नका. भारतात राहणाऱ्यांनी २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात झालेली दुरुस्ती आणि परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम लक्षात घेऊन आपल्या वनविभागाकडे लेखी विचारणा करावी. दुकानदाराच्या तोंडी ‘काही लागत नाही’वर विसंबू नये.

जोडी निवडताना

मादी दहा-बारा महिन्यांत वयात येते, पण तेव्हा तिचं स्वतःचं अंगच वाढत असतं. अंड्यांच्या कवचासाठी लागणारा चुना तिच्या हाडांतून ओढला जातो. म्हणून दीड वर्ष पूर्ण झाल्याशिवाय आणि वजन साधारण ३५० ग्रॅमच्या पुढे गेल्याशिवाय तिला नराकडे नेऊ नका. वजनाला स्वयंपाकघरातला छोटा काटा चालतो, फक्त तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. पेट्या, भांडी, हात धुण्याची जागा वेगळी हवी, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर याबाबत अजिबात ढिलाई नको.

नर-मादी ओळखायला शेपटी हलकेच वर उचलून बुडाशी बघा. नराला दोन बाजूंना दोन लांबट फुगवटे दिसतात, मध्ये खळगी. मादीला असलाच तर मधोमध एक. मांड्यांच्या आतल्या बाजूची छिद्रं नराची मोठी आणि मेणचट असतात.

दोघं एकाच घाण्यातली, म्हणजे सख्खी भावंडं नसावीत. दुकानात एकाच वेळी घेतलेली दोन पिल्लं बहुतेक वेळा भावंडंच असतात. ‘लेदरबॅक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, पाठ गुळगुळीत असलेल्या दोन सरड्यांची जोडी लावू नका. त्यातून काही पिल्लं खवले नसलेली निघतात. त्यांची कातडी रातकिड्याच्या पायानेही फाटते, कात नीट निघत नाही, संभोगाच्या वेळी नराच्या चाव्याने मादीला जखमा होतात. दिसायला मखमली असतात म्हणून लोक मुद्दाम काढतात. मला ते क्रूर वाटतं.

आणि तपासणी. दोघांची ताजी विष्ठा सरपटणाऱ्या प्राण्यांचं ज्ञान असलेल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) यांच्यासाठी. त्याबरोबर अ‍ॅडेनोव्हायरसची पीसीआर चाचणी करा. हा विषाणू अंगात असूनही मोठा सरडा वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो आणि पिल्लं मात्र पहिल्या काही आठवड्यांत एकामागून एक जातात. या चाचणीचा खर्च टाळावासा वाटत असेल तर वीणही टाळा.

हिवाळ्याची झोप

रानात हे सरडे थंडीत जमिनीखाली किंवा सालीआड जाऊन पडून राहतात. याला ब्रूमेशन म्हणतात. ही गाढ शीतनिद्रा नव्हे, अधूनमधून उठून पाणी पिणारी सुस्ती असते. घरी ती दिलीच पाहिजे असं नाही, पण दिली तर वसंतात दोघंही एकाच वेळी तयार होतात.

इथला हिवाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे तिकडे आषाढ-श्रावण चालू असतो तेव्हा. मी मे अखेरीला दोन आठवडे खाणं बंद करते, पण ऊन खाण्याच्या जागेचा दिवा चालूच ठेवते. पोटात अन्न राहिलं आणि अंग थंड पडलं तर ते आतच कुजतं, म्हणून हा क्रम चुकवायचा नाही. पोट रिकामं झाल्याची खात्री पटली की दिव्याचे तास आठवडाभरात हळूहळू आठ-नऊवर आणते, मग उष्णतेचा दिवा बंद. दिवसा २० अंशांच्या आसपास, रात्री १५. सहा ते आठ आठवडे. पाणी समोर असतंच. दर आठवड्याला वजन. दहा टक्क्यांच्या जवळ घट दिसली तर झोप मोडायची आणि डॉक्टर गाठायचा. आजारी, सडपातळ किंवा वर्षाखालच्या सरड्याला ही झोप देऊच नये.

उठवतानाही घाई नाही. आठवडाभरात उजेड आणि ऊब पूर्वपदावर आणा. ऊन खाण्याच्या जागेचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश, पेटीचं थंड टोक २४-२५, आणि वर्षाच्या आत बदललेली चांगली यूव्हीबी (अतिनील किरणं देणारी) नळी. पुढचे दोन-तीन आठवडे मादीला भरपूर खाऊ घाला, रोज कॅल्शियमची भुकटी लावून. चिंगी या दिवसांत तिच्या एरवीच्या दुप्पट खाते.

भेट

गणपतीच्या आसपास इथे वसंत सुरू होतो आणि भानूची दाढी कोळशासारखी काळी पडते. दिवसभर मान खाली-वर आपटत बसतो. ही खूण दिसली की मादीला नराच्या पेटीत न्या, नराला मादीच्या नको. स्वतःच्या जागेत तो स्थिर असतो.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे भांडणच वाटतं. नर पाय आपटतो, तिच्याभोवती गोल फिरतो, मग मानेवरची कातडी दातांत धरून तिच्यावर चढतो. मादी एक पुढचा पाय उचलून हवेत संथ गोल फिरवते, जणू कुणाला निरोप देतेय. तो शरणागतीचा इशारा आहे. सगळं काही मिनिटांत आटोपतं. तुम्ही खोलीतच थांबा. मानेवर हलके ओरखडे चालतील, पण रक्त आलं, ती तोंड उघडून फुत्कारत पळू लागली, किंवा नर पाय-शेपटी धरू लागला, तर लगेच वेगळं करा. दोन-तीन दिवस रोज थोडा वेळ भेटवलं की पुरे. त्यानंतर दोघांच्या पेट्या कायम वेगळ्या. एकत्र ठेवलेला नर मादीला उसंत देत नाही, आणि तिच्या तोंडचा घास व ऊन खाण्याची जागा दोन्ही बळकावतो.

अंड्यावर आलेली मादी

भेटीनंतर चार ते सहा आठवड्यांत अंडी येतात. पोट आधी बाजूंनी फुगतं, मग त्यात बोरांएवढे गोळे स्पष्ट दिसू लागतात. शेवटच्या आठवड्यात भूक मंदावते आणि ती पेटीचे कोपरे उकरायला लागते.

पहिल्या वर्षी इथे मी चुकले. अंडी घालायला मी एक उथळ ट्रे दिला होता, जेमतेम दहा सेंटीमीटर वाळूचा. चिंगी दोन दिवस उकरत राहिली. बीळ अर्धं झालं की छत कोसळायचं, ती वाळू झटकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. तिच्या पुढच्या पायांची नखं झिजलेली मला दिसत होती आणि काय करावं ते कळत नव्हतं. तेव्हा सासूबाई आमच्याकडे आलेल्या होत्या. चहा घेता घेता त्या पेटीजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“अगं, ही अंड्यावर आलीये. कोंबडी नाही का अशी जागा शोधत फिरत?”

“हो आई, पण जागा दिलीये तिला.”

“कोरड्या वाळूत बीळ राहील का? माती घाल, ओली कर. आणि खोल दे.”

त्याच संध्याकाळी परसातली खत-औषध न मारलेली माती आणि धुतलेली वाळू निम्मी-निम्मी मिसळली, ६० सेंटीमीटर लांबीच्या प्लास्टिकच्या खोक्यात २५ सेंटीमीटर उंचीपर्यंत दाबून भरली. ओल इतकी की मुठीत दाबली तर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. एका कोपऱ्यात हाताने बिळाची सुरुवात करून दिली. चिंगी त्यात शिरली, तिची फक्त शेपटी बाहेर दिसत होती. खोक्यावर चादर टाकून आम्ही दिवा मंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर बसलेली, पोट खपाटीला गेलेलं, कमरेची हाडं वर आलेली, नाकावर चिखल. माती इतकी नीट थापून सपाट केलेली की अंडी कुठे असतील ते ओळखू येईना. २३ अंडी निघाली.

तेव्हापासून खोकं भेटीनंतर तिसऱ्या आठवड्यातच तयार ठेवते. मातीचं तापमान २६-२८ अंश हवं.

एक धोका नीट समजून घ्या. मादी उकरते, कळा देते, पण अंडी येत नाहीत, मग ती डोळे मिटून निपचित पडते, मागचे पाय ओढते, रंग काळवंडतो. ही अंडी अडल्याची लक्षणं आहेत. घरगुती उपाय, पोट चोळणं, तेल लावणं, यातलं काहीही करू नका. त्याच दिवशी डॉक्टर. कॅल्शियम, औषधं, वेळ पडल्यास शस्त्रक्रिया, हे त्यांचं काम. डॉक्टरांचा नंबर आणि बाजूला काढलेले पैसे भेटीच्या आधीच तयार हवेत.

अंडी घातल्यावर मादीला कोमट पाण्यात थोडा वेळ बसवा, पाणी पाजा, आणि पुढचे काही आठवडे भरपूर खाणं व कॅल्शियम द्या.

अंड्यांची उब

उबवणीची पेटी अंडी यायच्या आठवडाभर आधी सुरू करून तापमान स्थिर आहे ना ते पाहा. थर्माकोलची जाड खोकी, उष्णतेची वायर आणि चांगला थर्मोस्टॅट एवढ्यात घरी बनवता येते. थर्मोस्टॅटवर दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास न ठेवता अंड्यांशेजारी वेगळा तापमापक ठेवा.

आतल्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज), वजनाला वजन पाणी. पुन्हा तीच मुठीची परीक्षा. माती ब्रशने बाजूला करत एकेक अंडं उचला आणि ज्या बाजूने ते वर होतं तिथे मऊ पेन्सिलीने बारीक ठिपका द्या. ठिपका वरच राहिला पाहिजे. पक्ष्यांची अंडी फिरवावी लागतात, यांची फिरवायची नसतात. आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो, उलटलं तर तो दगावतो. अंडी अर्धी रुतवून, एकमेकांना न टेकवता ठेवा. झाकणाला दोन-चार बारीक छिद्रं, आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदला.

तापमान २८ ते ३० अंश. ते ओलांडू नका, आणि यामागचं कारण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. या सरड्यात नराची गुणसूत्रं झेडझेड आणि मादीची झेडडब्ल्यू. पण अंडी साधारण ३२ अंशांच्या वर उबली तर गुणसूत्रांनी नर असलेली काही पिल्लं मादी होऊन बाहेर येतात, आणि ३६ अंशांवर बहुतेक सगळीच. त्या माद्या अंडीही घालतात. प्रयोगशाळेतलं हे निरीक्षण २००७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०१५ मध्ये रानातही अशा माद्या सापडल्याचं समोर आलं. बाहेरून पाहून त्या ओळखता येत नाहीत, जनुकीय चाचणीच करावी लागते.

मेलबर्नमध्ये याचा व्यावहारिक अर्थ असा: अंडी ऑक्टोबरात, दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात आणि उबवण डिसेंबरअखेर संपते. त्या काळात एखाद्या दिवशी पारा ४० च्या पुढे जातो. थर्मोस्टॅट ऊब देणं थांबवू शकतो, थंडावा देऊ शकत नाही. पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीवर ठेवा. कडक उन्हाच्या दिवशी मी पेटीत, पण अंड्यांच्या डब्याबाहेर, फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवते आणि दर तासाला आकडा बघते. महाराष्ट्रातल्या एप्रिल-मे महिन्यात हाच प्रश्न आणखी तीव्र.

आठ-दहा दिवसांनी अंधारात अंड्यामागे, न उचलता, छोटी बॅटरी धरा. फलित अंडं गुलाबी उजळतं, त्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. पिवळं आणि कोरं दिसलं तरी लगेच फेकू नका, आठवडाभर थांबा. बुरशी धरलेलं, दुर्गंधी येणारं तेवढं काढा. सुरुवातीला अंड्यांना खळी पडली तर ओल कमी आहे, अंड्यांवर नाही तर कडेने कोमट पाणी सोडा. शेवटच्या दिवसांत पडलेली खळी मात्र शुभ असते.

पिल्लं साधारण ५५ ते ७५ दिवसांत निघतात. ओठावरच्या टोकदार दाताने चीर पाडून पिल्लू डोकं बाहेर काढतं आणि तसंच तासन्‌तास, कधी दिवसभर पडून राहतं. आतला बलक पोटात ओढून घेण्याचं काम चालू असतं. ओढून काढू नका. आमच्याकडे २३ पैकी १९ पिल्लं आली. पहिल्याचा फक्त एक डोळा चिरेतून दिसत होता, आणि मी वाकले तसा तो माझ्याकडे वळला.

पहिले आठ आठवडे

पिल्लं तीनेक ग्रॅमची, शेपटीसकट बोटभर लांब. पहिले एक-दोन दिवस ती खात नाहीत, बलकावर असतात. जमिनीला कागदी टॉवेल, वाळू मुळीच नाही, ती गिळली तर आतडं अडतं. ऊन खाण्याची जागा ४० अंश, यूव्हीबी, आणि सकाळी पानावर पाण्याचा हलका फवारा, थेंब चाटून पितात.

त्यांना आकाराप्रमाणे पाच-पाच, सहा-सहाच्या गटांत ठेवा आणि आठवड्याने पुन्हा विभागणी करा. मोठं पिल्लू लहानाला काही न करताही नुसतं समोर बसून उपाशी मारतं. भूक वाढली की शेपट्या आणि बोटं चावली जातात, आणि ती पुन्हा उगवत नाहीत. वीस पिल्लं म्हणजे चार पेट्या, चार दिवे, चार यूव्हीबी नळ्या.

दिवसातून तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढे रातकिडे किंवा बारीक झुरळं. किड्याची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. किड्यांनाही आदल्या दिवशी भाजी-पाला खाऊ घाला. एका जेवणाला कॅल्शियमची भुकटी रोज, जीवनसत्त्वांची आठवड्यातून एकदा-दोनदा. उरलेले किडे रात्री पेटीत सोडू नका, ते झोपलेल्या पिल्लाला कुरतडतात. पहिल्या आठवड्यापासून बारीक चिरलेला पाला ठेवा: बॉकचॉय, एंडाइव्ह, किसलेला लाल भोपळा. पालक टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. अ‍ॅव्होकाडो विषारी आहे. काजवा तर एकसुद्धा नको, अमेरिकेत एखाद-दुसरा काजवा खाऊन हे सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. अंगणातले किडे पकडून घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आठवड्यातून दोनदा वजन घ्या आणि लिहून ठेवा. वजन थांबलं की पिल्लू वेगळं करा. हात-पाय थरथरणं, जबडा मऊ पडणं ही कॅल्शियम-यूव्हीबी कमी पडल्याची खूण. आमची दोन पिल्लं पहिल्या तीन आठवड्यांत गेली. चाचण्या स्वच्छ होत्या, तरी गेली. तेवढं मनाशी धरून चालावं लागतं.

दुसरी खेप

मादी नराचं वीर्य अंगात साठवून ठेवते. नराशी पुन्हा भेट न होताही साधारण महिन्या-दीड महिन्याने दुसऱ्यांदा अंडी येतात, कधी तिसऱ्यांदाही. पहिली पिल्लं अजून जन्मलेलीही नसतात, तेव्हाच पुढची वीस अंडी हातात असतात. वीण घेते त्या वर्षी मी एकच खेप उबवते. दुसऱ्या खेपेची अंडी घातल्या घातल्या, पहिल्या चोवीस तासांत, डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवते आणि नंतर झाडाखाली पुरते. पहिल्यांदा हे करताना हात थांबला होता. पण परवाना असलेली, पेटी तयार असलेली घरं माझ्याकडे तेव्हा बाराच होती, आणि पहिल्या खेपेची पुढे जगली ती पिल्लं सतरा.

पिल्लू देताना मी आधी नव्या घरच्या पेटीचा, चालू दिव्याचा आणि तापमापकाच्या आकड्याचा फोटो मागवते. मग पिल्लासोबत एक कागद जातो: जन्मतारीख, आई-वडिलांच्या चाचण्या, उबवणीचं तापमान, आठ आठवड्यांची वजनं, आणि सोबत आठवडाभराचे रातकिडे. राहिलेली पाच पिल्लं पुढच्या चैत्रापर्यंत आमच्याकडेच होती. चिंगी त्या वर्षी भानूकडे गेली नाही, तिला विश्रांती दिली, आणि तरीही सप्टेंबरात ती उकरायला लागलीच. नराशिवायही मादी वांझ अंडी घालते. खोकं ओल्या मातीने भरून मी तिच्या पेटीत ठेवलं.